एक पैशाची वर्गणी



वर्गणी हा शब्द कानावर पडला की आपल्यापैकी पुष्कळांचा हात खिशाकडे जाण्याऐवजी दाराच्या कडीकडे जातो. गणपती जवळ आले, सप्ताह बसायचा झाला, तालमीचे छप्पर गळू लागले, की चार पोरे पावतीपुस्तक घेऊन ओटीवर हजर. "काका, यंदा जरा वाढवून द्या." काका कुरकुरतात, पण देतात. ही कुरकुर देण्याबद्दल फारशी नसते बरे का. दिलेल्याचे पुढे काय होते, याबद्दल ती असते.

अलीकडे ही वर्गणी मोबाईलवर येऊन बसली आहे. कोणाला तळ्यातला गाळ काढायचा आहे, कोणाला डोंगरावर झाडे लावायची आहेत, कोणाला शाळेसाठी पुस्तके हवी आहेत. छायाचित्र असते, हकीकत असते आणि खाली पैसे देण्याचे बटण असते. देणारा सोलापुरात असो की सिंगापुरात, काम पाच मिनिटांत होते. याला क्राउडफंडिंग असे नाव आहे आणि हे काहीतरी अगदी नवे निघाले असे सांगण्यात येते. आपण त्याला लोकवर्गणी म्हणू. शब्द आपला जुनाच आहे. तेव्हा जुन्या माणसांनी ही गोष्ट कशी चालवली, आणि नव्या पद्धतीत त्यातले काय राहिले व काय सुटले, ते आज थोडे पाहू.

आधी एक घरची गोष्ट सांगतो. १९५८ साली मी दुसरीत होतो. आमच्या गावी शाळेला एक खोली कमी पडत होती, म्हणून वर्गणी निघाली. कोणी पाच रुपये दिले, कोणी पायलीभर जोंधळे, एका म्हाताऱ्या आजीने कोंबडी दिली. पाया खणला, थोडी दगडमाती येऊन पडली, आणि काम थांबले. पैसे कोणी खाल्ले असे मला आजही म्हणता येत नाही. कदाचित खरोखरच संपले असतील. पण वर्गणीची वही कोणाला दिसली नाही, आणि विचारले की "आहे, आहे, सापडेल" असे उत्तर मिळे. त्या पायात पुढे अकरा वर्षे आम्ही लपंडाव खेळलो. त्या अकरा वर्षांत गावात दुसऱ्या कुठल्याही कामाला वर्गणी जमली नाही. खोली गेली याचे दुःख मोठे खरेच, पण त्याहून मोठे नुकसान कशाचे झाले हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

आता सव्वाशे वर्षे मागे जाऊ. एकोणिसावे शतक संपत आले होते. देश पारतंत्र्यात, धंदे बुडालेले. घरात लावायच्या दिव्याची काचसुद्धा परदेशातून यायची. ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियम इकडून काचसामान आगबोटीने मुंबईस उतरायचे. अशा वेळी अंताजी दामोदर काळे नावाच्या एका गृहस्थांच्या मनात आले, की देशी उद्योग काढायला भांडवल नाही म्हणून आपण रडतो, पण माणसे तर आहेत ना? प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा. एक पैसा! थट्टा होण्यासारखीच कल्पना ती. तरी हिशेब करून बघा. त्या वेळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. लाख माणसांनी एकेक पैसा दिला तर १५६२ रुपये आठ आणे होतात. म्हणजे लाख लोकांपर्यंत पोचायचे, लाख हात पुढे करायला लावायचे, आणि पदरात पडणार दीड हजार. एखादा शेठजी गाठला असता तर एका बैठकीत तेवढे मिळाले असते, असे कोणीही शहाणा म्हणेल.

पण काळ्यांचा विचार निराळा होता. शेठजीकडून रक्कम मिळते, तिच्याबरोबर लाख माणसे मिळत नाहीत. ज्याने पैसा दिला त्याचे त्या कामाशी नाते जडते. तो दहा ठिकाणी विचारतो, "का हो, आपल्या त्या फंडाचे काय झाले?" काळे गावोगाव हिंडले. सभांतून, उत्सवांतून पैसे गोळा होऊ लागले. लोकमान्य टिळकांनी या कामाला उचलून धरले आणि 'केसरी'तून त्याचा पुरस्कार केला. पैसा फंड हे नाव घरोघर झाले.

जमलेल्या पैशांतून काढायचे काय? फंडाने काचकारखाना निवडला. १९०८ साली पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथे तो सुरू झाला. नुसती भट्टी पेटवून काच होत नाही. वाळू कोणती, क्षार कोणता, किती उष्णता, फुंकणी कशी धरायची, हे सगळे शिकावे लागते. हे शिकवायला ईश्वरदास वार्ष्णेय नावाचा उत्तरेकडचा तरुण मिळाला. तो जपानला जाऊन आला होता, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत शिकला होता. बघा, पैसा दिला कोकणातल्या आणि देशावरच्या माणसाने, विद्या आली जपान-अमेरिकेतून, शिकवणारा अलीगढकडचा, आणि भट्टी तळेगावात!

तळेगावची भट्टी ही कारखान्याइतकीच शाळाही होती, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तेथे मुले काचकाम शिकली आणि बाहेर पडून इतरत्र गेली. स्वतः वार्ष्णेय पुढे उत्तर प्रदेशात बहजोई येथे गेले आणि तिकडे त्यांनी मोठा काचकारखाना उभा केला. एक पैसा देणाऱ्याला नफ्याचा वाटा नव्हता, व्याज नव्हते. त्याला मिळाले ते एवढेच, की या देशात काच फुंकणारी माणसे तयार झाली.

आणि काळही कसा होता! १९०८ च्या जून महिन्यात टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून पकडले, सहा वर्षांची शिक्षा देऊन मंडालेला नेले. ज्याच्या नावावर लोक पैसे देत होते तो माणूसच समुद्रापलीकडे गेला. एका पुढाऱ्याच्या शब्दावर उभे राहिलेले काम अशा वेळी कोसळायचेच. हे कोसळले नाही. तो पैसा तोवर लाखांचा झाला होता, एकट्या टिळकांचा राहिला नव्हता.

अशीच गोष्ट त्याच सुमारास सातासमुद्रांपलीकडे घडत होती, तीही ऐका. न्यूयॉर्क बंदराच्या तोंडावर स्वातंत्र्यदेवीचा मोठा पुतळा आहे, चित्रात आपण पाहिलेला असतो. पुतळा फ्रान्सच्या लोकांनी आपसांत वर्गणी करून दिला. तो ठेवायचा चौथरा अमेरिकेने बांधायचा होता, तर अमेरिकेतले पैसे संपले. १८८५ साली पुतळा पेट्यांत भरून बंदरावर येऊन पडला आणि चौथरा अर्धवट! श्रीमंतांनी हात आखडता घेतला. तेव्हा जोसेफ पुलित्झर या वृत्तपत्राच्या मालकाने आपल्या 'वर्ल्ड' पत्रातून सामान्य लोकांना हाक दिली. जो देईल त्याचे नाव पत्रात छापीन, मग रक्कम कितीही लहान असो, असे त्याने कबूल केले. पाच महिन्यांत एक लाख डॉलरहून अधिक जमले. देणारे एक लाख वीस हजारांवर होते आणि त्यांतल्या बहुतेकांनी एक डॉलरहूनही कमी दिले होते.

नाव छापणे ही हौस वाटते, पण ती पावती होती. मुलाने दिलेले काही सेंट दुसऱ्या दिवशी छापून आले, म्हणजे ते वाटेत हरवले नाहीत हे घरच्यांना कळले. यात पुलित्झरचा तोटा झाला म्हणता? मुळीच नाही. आपले नाव पाहण्यासाठी लोक त्याचे पत्र विकत घेत होते, पत्राचा खप वाढला. वर्गणी गोळा करून देणाऱ्याचाही त्यात फायदा असतो, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवा. पुढे कामाला येईल.

दुसरी गोष्ट इंग्लंडची, आणि ती आजच्या पर्यावरणाच्या वर्गणीला अधिक जवळची आहे. त्या देशाच्या वायव्येला डोंगर आणि सरोवरांचा एक रम्य मुलूख आहे. तेथे डर्वेंटवॉटर नावाच्या सरोवराच्या काठची ब्रँडलहाऊ नावाची वनराई विक्रीला निघाली. कोणी धनिक घेणार, बंगले उठवणार, आणि लोकांना काठावर फिरायची बंदी होणार, अशी धास्ती पडली. तेथे १८९५ साली 'नॅशनल ट्रस्ट' ही संस्था निघाली होती. ऑक्टाव्हिया हिल ही गरिबांच्या घरांसाठी झिजलेली बाई, आणि हार्डविक रॉन्स्ली हा त्या मुलखातला धर्मोपदेशक, हे तिच्या संस्थापकांपैकी. साडेसहा हजार पौंड पाहिजे होते. १९०२ साली पाचएक महिन्यांत ते वर्गणीने जमले आणि ती जमीन कायमची सर्वांची झाली. देणाऱ्यांत शेफील्डचा एक कारखान्यातला कामगार होता. त्याने अडीच शिलिंग पाठवले आणि कळवले, की सरोवरे बघायची माझी जन्माची इच्छा राहून गेली, आता काही माझे जाणे होत नाही, निदान इतरांसाठी तरी ती राहोत.

शेफील्ड हे पोलादाच्या धुराचे गाव. तेथे राबणाऱ्या माणसाने न पाहिलेल्या पाण्यासाठी आपल्या मजुरीतून अडीच शिलिंग काढले. मला हा माणूस आपल्या पैसा फंडवाल्यांचा सख्खा भाऊ वाटतो.

आपल्याकडे वर्गणी नाण्यांतच असते असे थोडेच आहे? १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची गरीब मुले एका पंगतीला जेवू लागली. त्यांना घालायचे काय? तेथे मुष्टिफंड उपयोगी पडला. घरातली बाई दळणकांडण करताना एक मूठ धान्य बाजूला टाकी. त्या मुठी गोळा होऊन वसतिगृहात येत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अडचणीच्या वेळी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रसुद्धा मोडले, हे आपण सर्व जाणतोच. मूठभर धान्य देणाऱ्या बाईला हिशेब कोणी द्यावा? तो तिच्या डोळ्यांसमोर होता. तिच्याच आळीतला मुलगा शिकून मास्तर होऊन परत यायचा.

येथे मी मुद्दाम थांबतो. आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टींत देणारा आणि काम यांच्यामध्ये काही ना काही दुवा होता. तळेगावची काच हातात घेता येत होती, 'वर्ल्ड'मधले नाव वाचता येत होते, ब्रँडलहाऊचा काठ जागच्या जागी होता, सातारचा मुलगा गावी येत होता. मोबाईलवरच्या वर्गणीत हा दुवा कोण सांभाळतो?

या नव्या पद्धतीची हकीकत थोडक्यात सांगतो. २००३ साली अमेरिकेत 'आर्टिस्टशेअर' नावाचे ठिकाण सुरू झाले. गायकवादकांनी आपल्या ध्वनिमुद्रिकेसाठी श्रोत्यांकडूनच आधी पैसे घ्यायचे, अशी ती सोय. २००५ मध्ये 'किवा' निघाले, त्यावर परदेशातला माणूस गरीब देशातल्या छोट्या धंदेवाल्याला पंचवीस डॉलर उसने देऊ शकतो. २००८ मध्ये 'इंडीगोगो', २००९ मध्ये 'किकस्टार्टर'. आपल्या देशात २०१० साली बंगळूरला 'मिलाप' आणि २०१२ साली मुंबईला 'केटो' निघाले. शाळा, पाणी, झाडे यांसाठी तेथे वर्गणी निघते, आणि दवाखान्याच्या खर्चासाठीची हाक तर फारच ऐकू येते. तो विषय वेगळा आणि दुःखाचा आहे, आज त्यात शिरत नाही.

'किकस्टार्टर'चा एक नियम मात्र सांगण्यासारखा आहे. काम काढणाऱ्याने रक्कम आणि मुदत आधी जाहीर करायची. मुदतीत तेवढी रक्कम कबूल झाली नाही, तर कोणाचाच पैसा घेतला जात नाही. सगळे किंवा काहीच नाही! आमच्या गावात हा नियम असता तर तो पाया खणलाच गेला नसता. रक्कम पुरी झाली तर त्यातून पाच टक्के ते ठिकाण आपली फी म्हणून घेते, आणि पैसे पोचवण्याचा खर्च निराळा. पुलित्झरचा खप आठवला ना? गोळा करून देणाऱ्याचा वाटा तेव्हाही होता, आजही आहे. त्यात वाईट काही नाही, देणाऱ्याला तो आधी ठाऊक असला म्हणजे झाले.

आता पुरे सांगण्याजोगे उदाहरण घेतो. बोयान स्लाट या हॉलंडमधल्या तरुणाने समुद्रात तरंगणारे प्लास्टिक गोळा करण्याची कल्पना मांडली. २०१४ साली, म्हणजे तो वीस वर्षांचा असताना, त्याने जगाकडे वर्गणी मागितली. शंभर दिवसांत १६० देशांतल्या ३८ हजार लोकांनी वीस लाख डॉलरहून जास्त रक्कम दिली. २०१८ साली त्यांचे पहिले यंत्र, सहाशे मीटर लांबीची तरंगती नळीच ती, सॅन फ्रान्सिस्कोहून पॅसिफिक महासागरात गेली. आणि काय झाले? प्लास्टिक आत येई आणि परत निसटून जाई. वर्षाच्या अखेरीस नळीचा एक तुकडा तुटला. २०१९ च्या जानेवारीत ती ओढत हवाईला आणावी लागली.

आपल्या गावचे पंच असते तर "वही सापडेल" म्हणाले असते. या लोकांनी यंत्र प्लास्टिक धरत नाही हे उघड सांगितले, तुकडा तुटल्याचेही जाहीर केले. फेरबदल करून पाठवलेले यंत्र प्लास्टिक पकडते आहे असे त्यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कळवले. पुढे नद्यांच्या मुखाशी कचरा अडवण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. समुद्रातले प्लास्टिक वेचण्यापेक्षा ते टाकणेच थांबवावे, असे म्हणणारे शास्त्रज्ञ पुष्कळ आहेत आणि मलाही त्यांचे म्हणणे पटते. पण अपयशाचा हिशेब देणाऱ्याला लोक पुन्हा उभे करतात, हेही येथे दिसले.

त्याच २०१४ साली अमेरिकेत आणखी एक कल्पना निघाली. रस्त्यावर डांबराऐवजी सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या फरशा बसवायच्या! चित्रफीत इतकी छान केली होती, की दहा लाख डॉलर मागितले आणि बावीस लाखांच्या वर मिळाले. २०१६ साली सँडपॉइंट नावाच्या गावच्या छोट्या चौकात तीस फरशा बसल्या, त्यांतल्या बहुतेक सुरुवातीलाच बंद पडल्या. चित्रफितीतले रस्ते काही झाले नाहीत. यात कोणी लुबाडले असे नाही. चित्र चांगले होते, हिशेब कच्चा होता. फरशीवर माल भरलेली मोटार गेली तर काय होईल, धूळ बसली तर वीज किती निघेल, हे रस्त्यावर काम केलेल्या एखाद्या मुकादमाने लगेच विचारले असते. मोबाईलवर वर्गणी देणाऱ्या हजारोंमध्ये तो मुकादम असला तरी त्याचे ऐकू कोणाला येणार?

मला या पद्धतीची खरी भीती येथे वाटते. चावडीवर वर्गणी मागताना समोर बसलेला म्हातारा म्हणतो, "अरे, त्या तळ्याचा गाळ काढून काय उपयोग? वरचा ओढा अडवलाय ना." दूरच्या देणाऱ्याला ओढा दिसत नाही, त्याला छायाचित्र दिसते. भेगाळलेल्या जमिनीचे छायाचित्र चांगले येते, ओढ्याच्या बांधाचे येत नाही. म्हणून ज्या गावात फोटो काढणारा आणि चार वाक्ये नीट लिहिणारा आहे त्याला पैसा मिळतो, आणि शेजारचे अधिक अडलेले गाव तसेच राहते. हे माझ्या शिक्षकबंधूंनी विशेष लक्षात घ्यावे, कारण गावासाठी ती चार वाक्ये लिहायला उद्या तुम्हालाच बोलावतील. तेव्हा फोटोबरोबर त्या म्हाताऱ्याचे बोलणेही लिहा. दूरच्या पैशाला हात लावण्याआधी गावाने स्वतः किती दिले, रोख दिले की श्रमदान केले, तेही मांडा. गावातला माणूस जेथे दमडी देत नाही तेथे काहीतरी पाणी मुरत असते, हे देणाऱ्यालाही कळू द्या. आणि पैसे जमल्यानंतरचे काम तर आपल्याच हातातले आहे.

त्याबद्दल आमच्या गावचेच सांगून पुरे करतो. १९६९ साली शाळेत नवे हेडमास्तर आले. त्यांनी तो पडका पाया पाहिला, चौकशी केली, आणि पुन्हा वर्गणी काढायची म्हणाले. लोक हसले. मास्तरांनी वाद घातला नाही. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्यावरून दिसेल असा एक काळा फळा रंगवून घेतला. पहिल्या ओळीत स्वतःचे पंचवीस रुपये लिहिले आणि रोज संध्याकाळी खडूने जमा, खर्च, शिल्लक लिहू लागले. पहिला महिनाभर खाली दुसरे नाव नव्हते. मग शिंप्याने तीन रुपये दिले. त्याचे नाव दुसऱ्या दिवशी फळ्यावर दिसले, आणि बाजाराला जाणारी माणसे थांबून वाचू लागली. ज्यांना वाचता येत नव्हते ती आम्हा पोरांना वाचून दाखवायला सांगत. लोखंडाचा भाव जास्त लागला तर त्यावरही तेथेच उभ्या उभ्या चर्चा चाले. पावसाळ्याआधी खोलीवर पत्रे चढले. शेवटी शिल्लक राहिली सतरा रुपये चाळीस पैसे. तिचे काय करायचे यावर गावात दोन संध्याकाळी वाद झाला, आणि मग त्यातून शाळेला पितळी घंटा आणली. घंटेची किंमतही मास्तरांनी फळ्यावर लिहिली होती.